लोक 'रिफिल नक्की घेऊ' म्हणतात, पण बाटली परत आणत नाहीत. नेमकं काय बदलायचं?

रिकामी_बाटली

कपडे धुण्याचा द्रवसाबण, छोटं उत्पादन, चार दुकानांतून विक्री. एक लिटरची जाड बाटली (वजन १२० ग्रॅम) विकली जाते आणि संपली की त्याच दुकानात पुन्हा भरून मिळते. आधीची फेकून द्यायची पातळ बाटली ४० ग्रॅमची होती. शिफारस केलेली मात्रा धुण्यामागे ४० मिली, म्हणजे एका बाटलीत २५ धुणी.

विक्रीच्या वेळी विचारलं तर दहापैकी सात गिऱ्हाइकं 'हो, भरून नेऊ' म्हणतात. तीन महिन्यांच्या नोंदीत मात्र रिफिलची संख्या विकलेल्या बाटल्यांच्या जेमतेम १० टक्के आहे. सध्या भरून नेल्यास ५ टक्के सवलत, लेबलवर हिरवं पान आणि 'पर्यावरणपूरक' हा शब्द, दुकानात 'पृथ्वी वाचवा' धर्तीचं पोस्टर. जाणकारांना विचारायचं ते असं:

१. सवलत ५ वरून १५ टक्के केली तर फरक पडेल का?
२. पोस्टरवर काय लिहावं? 'अजूनही १० पैकी ९ जण बाटली फेकून देतात' असा धक्का देणारा मजकूर डोक्यात आहे.
३. लेबलवरचा दावा कसा असावा?
४. अर्धा लिटर, दुप्पट तीव्रतेचा साबण आणायचा विचार आहे. त्यात काय चुकू शकतं?

---

मोजपट्टी

पोस्टर आणि सवलतीच्या आधी तुमचा १० टक्क्यांचा आकडा तपासू, कारण तो चुकीच्या पद्धतीने काढलेला दिसतो.

२५ धुण्यांची बाटली आठवड्याला तीन-चार धुण्यांच्या हिशेबाने सहा ते आठ आठवडे चालते. तेरा आठवड्यांच्या नोंदीतल्या शेवटच्या सात आठवड्यांत विकलेल्या बाटल्या अजून गिऱ्हाइकाच्या घरी अर्ध्या भरलेल्या आहेत. त्या परत येणं शक्यच नाही, तरीही तुम्ही त्यांना भाजकात धरलंय. विक्री वाढत असेल तर हा घोळ आणखी मोठा होतो: धंदा चांगला चालला की परतीचं प्रमाण पडल्यासारखं दिसतं. मोजणी अशी करा. बाटलीच्या तळाशी न पुसणाऱ्या पेनने विक्रीच्या आठवड्याचा क्रमांक टाका आणि प्रत्येक आठवड्याची तुकडी वेगळी ठेवून बारा आठवड्यांनी तिच्यातल्या किती परत आल्या ते पाहा. खरा आकडा २० टक्क्यांच्या आसपास निघाला तर नवल नाही.

तरीही आनंद मानू नका, पुढचा हिशेब वाचा. परतीचं प्रमाण दर फेरीला सारखंच धरलं तर एक बाटली सरासरी किती वेळा वापरली जाते, हे १ ÷ (१ − परतीचं प्रमाण) या सूत्राने मिळतं.

२० टक्के परत आल्या तर १.२५ वापर, म्हणजे एका लिटरमागे ९६ ग्रॅम प्लास्टिक.
५० टक्के आल्या तर २ वापर, ६० ग्रॅम.
६७ टक्क्यांना साधारण ३ वापर, ४० ग्रॅम. इथे कुठे जुन्या पातळ बाटलीशी बरोबरी होते.
७५ टक्क्यांना ४ वापर, ३० ग्रॅम.
९० टक्क्यांना १० वापर, १२ ग्रॅम.

म्हणजे आज तुमची 'पर्यावरणपूरक' बाटली आधीच्या फेकायच्या बाटलीपेक्षा दुपटीहून जास्त प्लास्टिक खाते आहे. धुणं आणि वाहतूक यात धरलेलीच नाही. ती धरली की बरोबरीचा बिंदू आणखी वर सरकतो.

मधला मार्ग आहे. सरासरी २० टक्के याचा अर्थ प्रत्येक जण पाचातून एकदा परत येतो असा नसतो. बहुधा थोडे लोक नेमाने येतात आणि बाकीचे कधीच येत नाहीत. जाड बाटली सरसकट सगळ्यांच्या गळ्यात मारण्यापेक्षा पहिली खरेदी ४० ग्रॅमच्या बाटलीत द्या, आणि जो ती रिकामी घेऊन येईल त्याला जाड बाटली द्या. येणारे कोण, हे बाटली स्वतःच सांगेल.

दहातल्या सात 'हो'बद्दल एवढंच: समोर माणूस उभा राहून भल्या कामाविषयी विचारतो तेव्हा 'नाही' म्हणायला जड जातं. २०१९ च्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूतल्या एका लेखात दिलेल्या पाहणीत ६५ टक्के लोकांनी पर्यावरणाचा विचार करणाऱ्या ब्रँडची खरेदी करायची आहे असं सांगितलं होतं, प्रत्यक्ष करणारे २६ टक्क्यांच्या आसपास. तुमची दरी काही जगावेगळी नाही. पुढच्या वेळी 'आणाल का?' विचारू नका, 'मागची रिकामी बाटली आत्ता कुठे आहे?' विचारा.

---

गल्ल्यामागून

मोजपट्टी यांचा हिशेब पटला. आता पहिला प्रश्न.

सवलत वाढवू नका, डिपॉझिट लावा. छोट्या सवलतीपेक्षा छोटा आकार (म्हणजे जादा शुल्क) जास्त चालतो, हे मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या परिसरात पिशव्यांवर झालेल्या अभ्यासात (तात्याना होमोनॉफ, २०१८) एकदा वापरायच्या पिशवीवर ५ सेंट आकारले तेव्हा तिचा वापर ४० टक्केबिंदूंहून जास्त घसरला. स्वतःची पिशवी आणल्याबद्दल तेच ५ सेंट बक्षीस दिलं तेव्हा जवळपास काहीच हललं नाही. कॉफीच्या कपांवर कार्डिफ विद्यापीठाने केलेल्या प्रयोगातही सवलतीचा परिणाम दिसला नाही, आकाराचा दिसला. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये पिशवीमागे १५ सेंट लावले आणि माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्यांवरून वापर २१ वर आला.

कारण साधं आहे. सवलत विसरलेल्या माणसाचं काही 'गेलं' असं त्याला वाटत नाही. डिपॉझिट मात्र त्याचंच असतं आणि ते त्याच्या घरातल्या रिकाम्या बाटलीत अडकलेलं असतं.

डिपॉझिट लावताना लोक चुकतात ते इथे:

रक्कम बाटलीच्या बदली-खर्चापेक्षा कमी ठेवतात. मग हरवलेली प्रत्येक बाटली तोट्यात जाते आणि गिऱ्हाइकालाही ती फेकणं परवडतं. उलट रक्कम फार मोठी ठेवली तर पहिली खरेदीच बसते, म्हणून परतीच्या आकड्याइतकंच नव्या गिऱ्हाइकांच्या आकड्यावर लक्ष ठेवा.

डिपॉझिट किमतीत मिसळतात. पावतीवर साबण एका ओळीत, डिपॉझिट दुसऱ्या ओळीत हवं. मिसळलं की साबण महाग दिसतो आणि परत मिळणारे पैसे डोळ्यांआड होतात.

'परत भरून घेतलीत तरच डिपॉझिट मिळेल' अशी अट घालतात. मग ते डिपॉझिट राहत नाही, गिऱ्हाईक अडवून ठेवायची युक्ती होते आणि लोकांना ती बरोबर कळते. रिकामी बाटली दिली की पूर्ण रक्कम, तिथल्या तिथे, चारपैकी कुठल्याही दुकानात.

हिशेबात डिपॉझिट उत्पन्न म्हणून धरतात. ते देणं आहे. महिनाअखेरीला बाहेर असलेल्या बाटल्या गुणिले डिपॉझिट एवढी रक्कम बाजूला असलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट, भरून देण्यापेक्षा बदलून द्या. दुकानात नळाखाली बाटली भरताना पाच मिनिटं जातात, फेस येतो, सांडतं, मागे रांग लागते. भरलेली तयार बाटली देऊन रिकामी ठेवून घेतली की काम दहा सेकंदांत होतं. भरण्याच्या पद्धतीतले धोकेही कमी नाहीत. घरी विसळून आणलेल्या बाटलीत पाणी उरतं, ते साबणातलं परिरक्षक (साबण खराब होऊ न देणारा घटक) पातळ करतं, जंतू वाढतात, साबणाला वास येतो किंवा तो पातळ पडतो. जुन्या साबणावर नवा ओतला की बॅच क्रमांक निरर्थक होतो. तक्रार आली तर कुठला साबण होता हे सांगता येत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे लोक पिण्याच्या पाण्याची बाटली भरायला आणतात. तिला ठाम नकार द्यायचा, अपवाद नाही. लेबल नसलेली, पाण्याच्या बाटलीसारखी दिसणारी साबणाची बाटली घरातल्या लहान मुलासाठी थेट विषबाधेचा धोका आहे.

तिसरी गोष्ट तुमच्या प्रश्नांत नाही, पण असायला हवी होती. बाटलीचं भवितव्य ठरतं ते ती घरी संपते त्या क्षणी, कचऱ्याच्या डब्याशेजारी. तुमचं पोस्टर तेव्हा कुठे असतं? दुकानात! पिशवीवरचा आकार चालला कारण निवड गल्ल्यावरच होत होती. इथे तसं नाही, म्हणून सूचना बाटलीतच हवी. पारदर्शक बाटली असेल तर मागच्या लेबलच्या आतल्या बाजूला, तळापासून तीन-चार सेंटिमीटर वर, साबणाची पातळी उतरली की वाचता येईल असं छापा: 'संपत आली. रिकामी झाली की विसळू नका, झाकण लावून बाहेर न्यायच्या पिशवीत ठेवा.' गिऱ्हाइकाने नंबर देऊन संमती दिली असेल तर विक्रीनंतर चाळिसाव्या दिवसाच्या आसपास एकच संदेश पाठवा. दर आठवड्याला पाठवलेला संदेश दुसऱ्या आठवड्यापासून कोणी वाचत नाही.

---

चष्मा_पुसून

दुसऱ्या प्रश्नातला 'दहापैकी नऊ जण फेकतात' हा मजकूर कृपया छापू नका.

वाईट वागणाऱ्यांची गर्दी दाखवली की वाचणारा लाजत नाही, निवांत होतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांच्या प्रयोगात हेच दिसलं. 'अनेकांनी अश्मीभूत (दगड झालेलं) लाकूड चोरून नेलंय' अशा अर्थाची पाटी लावली तेव्हा खुणा केलेल्या तुकड्यांपैकी ७.९२ टक्के उचलले गेले. नुसती 'उचलू नका' म्हणणारी पाटी होती तिथे १.६७ टक्के.

बहुसंख्य लोक चांगलं वागत असतील तर ते सांगण्याचा उपयोग होतो. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस यांचा २००८ चा हॉटेलमधल्या टॉवेलांचा प्रयोग प्रसिद्ध आहे: पर्यावरणाच्या नेहमीच्या आवाहनाला ३५.१ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला, 'बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात' याला ४४.१ टक्के, आणि त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात 'याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे' म्हटल्यावर ४९.३ टक्के. पण तुमच्याकडे बहुसंख्य नाहीत. असल्याचं भासवलं तर ते खोटं आहे, आणि गल्ल्यावर उभ्या माणसाला परत आलेल्या बाटल्यांची रिकामी खोकी दिसतातच.

अल्पसंख्य असताना वाढ सांगायची, अर्थात ती खरोखर होत असेल तरच. 'गेल्या तीन महिन्यांत बाटली परत आणणारे दुप्पट झाले' हे २० टक्क्यांवरही चालतं. स्पार्कमन आणि वॉल्टन यांच्या २०१७ च्या प्रयोगांत 'इतके लोक असं करतात'पेक्षा 'इतके लोक असं करू लागले आहेत' या मांडणीचा परिणाम स्पष्टपणे जास्त होता.

आणि पोस्टरवर पृथ्वी नको. रिकामी बाटली कुठे द्यायची, किती वाजेपर्यंत, किती पैसे परत मिळणार, एवढं मोठ्या अक्षरांत. 'का' सगळ्यांना माहीत आहे, अडतं ते 'कसं' वर.

---

मोजपट्टी

टॉवेलांच्या प्रयोगाबद्दल एक टीप. जर्मनीतल्या हॉटेलांमध्ये बोनर आणि श्ल्युटर यांनी तो २०१४ मध्ये करून पाहिला तेव्हा 'बहुतेक पाहुणे' हा संदेश नेहमीच्या आवाहनापेक्षा सरस ठरला नाही. तिथे साध्या आवाहनालाच पुनर्वापर भरपूर होता. त्यामुळे संदेशाचे आकडे जसेच्या तसे आपल्या दुकानात येतील अशी आशा धरू नये. डिपॉझिट आणि अदलाबदल हे पाया, पोस्टर वरचा रंग.

---

चष्मा_पुसून

मान्य. पण रंग चुकीचा लावला तर पायाही दिसत नाही, म्हणून लिहिलं.

---

लेबलवाचक

तिसरा प्रश्न. 'पर्यावरणपूरक' हा शब्द आणि ते पान, दोन्ही काढा.

स्वतःहून केलेल्या पर्यावरणीय दाव्यांसाठी आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) १४०२१ हे मानक आहे. त्यात 'हरित', 'पर्यावरणस्नेही' असले मोघम दावे करू नयेत असं स्पष्ट आहे, आणि 'शाश्वतता साधली' असा दावा तर करायचाच नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेचाही रोख तोच: विनाअट सर्वसाधारण दावा सिद्ध करणं जवळपास अशक्य, म्हणून तो टाळा. युरोपीय संघाचा २०२४/८२५ हा निर्देश २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू करायचा आहे; त्यात सिद्ध न केलेले मोघम दावे आणि कार्बन-भरपाई (दुसरीकडे झालेली उत्सर्जनातली घट) विकत घेऊन केलेले 'हे उत्पादन कार्बन-तटस्थ' छापाचे दावे बंद. नियम कुठलाही लागू असो, यांवर टिकणारं लेबल सगळीकडे टिकतं.

चांगल्या दाव्यात चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: कशाबद्दल (बाटली, झाकण की साबण), किती, कशाच्या तुलनेत, आणि कुठल्या एककात. सगळ्यात जास्त घोळ होतो तो पुनर्चक्रित प्लास्टिकच्या टक्क्यांत. समजा बाटलीचं अंग ४० ग्रॅम, त्यातलं निम्मं पुनर्चक्रित, झाकण ८ ग्रॅम आणि लेबल २ ग्रॅम दोन्ही कोऱ्या प्लास्टिकची. '५० टक्के पुनर्चक्रित वेष्टन' लिहिलं तर ते खोटं, कारण ५० पैकी २० ग्रॅम म्हणजे ४० टक्के. एक तर 'वेष्टनात वजनाने ४० टक्के' लिहा, नाही तर 'बाटलीच्या अंगात वजनाने ५० टक्के. झाकण व लेबल वगळून'. पुरवठादाराचं बॅचनिहाय प्रमाणपत्र फाइलमध्ये नसेल तर दोन्ही लिहू नका.

'पुन्हा भरता येणारी' या दाव्यालाही अट आहे. भरण्याची किंवा बदलण्याची सोय गिऱ्हाइकाच्या आवाक्यात खरोखर असली पाहिजे. चार दुकानांपैकी दोनच सोय देत असतील तर ज्या दोन देत नाहीत तिथे ही बाटली त्या लेबलने विकता येणार नाही. वर मोजपट्टी यांनी दाखवलेला ९६ ग्रॅमचा आकडा सुधारेपर्यंत 'कमी प्लास्टिक' हे शब्द तर अजिबात नकोत.

आणखी एक, हे लेबलच्या मांडणीबद्दल. साबणासारख्या 'जोर' लागणाऱ्या वस्तूला पर्यावरणाचा बिल्ला पुढे लावला की लोकांना ती मवाळ वाटते, डाग निघणार नाहीत असं वाटतं. लक्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जर्नल ऑफ मार्केटिंगमध्ये हे दाखवलं होतं. उत्पादन जोरकस असल्याची स्पष्ट खात्री दिली की तो तोटा कमी होतो. म्हणून पुढच्या बाजूला धुलाई: कुठले डाग, कुठल्या तापमानाला, किती मात्रेत. बाटलीची माहिती मागे, बारीक पण नेमकी.

---

रिकामी_बाटली

९६ ग्रॅमचा हिशेब वाचून डोळे उघडले. जाड बाटली फक्त परत येणाऱ्यांना, आणि भरण्याऐवजी बदलून, हे दोन्ही ठरलं. 'पर्यावरणपूरक' पुढच्या छपाईतून जाईल. चौथा प्रश्न राहिलाय: अर्ध्या लिटरची बाटली २८ ग्रॅमची बसते, मात्रा २० मिली, म्हणजे २५ धुणी तेवढीच. पातळ बाटलीच्या ४० वरून थेट ३० टक्के कमी प्लास्टिक, नाही का?

---

अर्धं_झाकण

कागदावर होय. धुण्यामागे १.६ ग्रॅमवरून १.१२ ग्रॅम. घरात मात्र हा साबण तुम्ही मोजून ओतत नाही, वर्षानुवर्षं ४० मिलीची सवय झालेला हात ओततो. तो हात अर्ध्यावर थांबत नाही. समजा थांबला ३० मिलीवर, तर ५०० मिलीत १६-१७ धुणी होतात, धुण्यामागे प्लास्टिक १.६८ ग्रॅम. जुन्या पातळ बाटलीपेक्षा जास्त! शिवाय दीडपट रसायन नाल्यात, फेस न निघाल्यामुळे जादा पाण्याने खळबळणं, आणि वर 'नवीन साबण लवकर संपतो, महाग आहे' ही तक्रार. तीव्र द्रवसाबण बाजारात मार खातात त्यामागे बऱ्याचदा साबण नसतो, झाकण असतं.

जुनं झाकण नव्या बाटलीला लावायचं नाही, साचा तयार आहे म्हणूनसुद्धा नाही. ८० मिलीच्या झाकणात २० मिली म्हणजे तळाला ओलावा. कोणालाही ते अपुरं वाटणारच. झाकणाची पूर्ण क्षमता २५ मिलीच्या आत ठेवा, म्हणजे 'एक झाकण, एक धुणं' हे न वाचताही कळतं. रेघ हवी असेल तर आतून उठावाची आणि वेगळ्या रंगाची. पारदर्शक झाकणावरची पारदर्शक रेघ धुण्याच्या जागेतल्या उजेडात दिसत नाही. तोंडाला आतून बारीक भोकाची बूच बसवा, धार मंदावली की हात आपोआप सावकाश होतो. फार बारीक केलीत तर मात्र लोक बूचच उपटून काढतात, तेव्हा तुमच्या साबणाच्या दाटपणावर दोन-तीन मापं लावून बघा. कमी तापमानात साबण आणखी दाट होतो, म्हणून थंडीत वेगळी चाचणी घ्या.

मात्रा खरोखर किती ओतली जाते हे विचारून कळत नाही. वीसेक घरांना वजन केलेली बाटली द्या, धुण्यांची खूण करायला कागद द्या, दोन आठवड्यांनी बाटली पुन्हा वजन करा. घट भागिले धुणी. साबणाची घनता एकाच्या जवळ असली तरी ती मोजूनच मिलीत रूपांतर करा. सरासरी २३-२४ मिलीच्या आत आली तर झाकण पास. दोन-तीन घरंच सरासरी फुगवत असतील तर तेही दिसेल.

आता मोठी गोष्ट, जिचा या चर्चेत कुणी उल्लेखच केला नाही. कपडे गरम पाण्यात धुतले जात असतील तर या साबणाच्या आयुष्यातली बहुतेक ऊर्जा बाटलीत नाही, पाणी तापवण्यात जाते. दहा लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.४७ युनिट वीज लागते; ३० वर न्यायला ०.१२. एका धुण्यामागे फरक ०.३५ युनिट, आणि यात यंत्राचा ड्रम आणि कपडे तापवण्याची वीज धरलेली नाही. त्यासमोर अर्धा ग्रॅम प्लास्टिक कुठे राहतं ते तुम्हीच बघा. साबणात कमी तापमानाला चालणारी विकरं (डाग तोडणारी एन्झाइम) घालून, डागांची चाचणी ३० अंशांवर घेऊन '३० अंशांवर धुवा' हे झाकणावरच मात्रेच्या शेजारी छापलंत, तर बाटलीच्या सगळ्या खटाटोपापेक्षा जास्त काम होईल. यंत्रात एकदा ३० चा कार्यक्रम लावून ठेवायला सांगा, दर वेळी निवडायला सांगू नका. एकदा ठरलेली मांडणी लोक सहसा हलवत नाहीत: जर्मनीत सुमारे ४२ हजार घरांवर झालेल्या प्रयोगात (एबेलिंग आणि लोट्झ, २०१५) हरित वीज मागून घ्यायची होती तेव्हा करार करणाऱ्यांपैकी ७.२ टक्क्यांनी ती घेतली, आधीच खूण केलेली होती तेव्हा ६९.१ टक्क्यांनी ठेवली.

जिथे मुळात नळाच्या गार पाण्यातच धुतात तिथे ही बचत शून्य, हेही लक्षात ठेवा. तिथे हा दावा लेबलवर टाकू नका.

---

गल्ल्यामागून

झाकणाचा मुद्दा एक नंबर. एक जोड: एक बाटली परत केली म्हणून दोन झाकणं जास्त ओतायची मुभा मिळाली असंही माणसाला वाटतं. एका वसाहतीत पाणी वाचवण्याची मोहीम चालवली तेव्हा पाणी ६ टक्के घटलं, पण त्याच घरांत वीज ५.६ टक्के वाढली (टीफेनबेक आणि सहकारी, २०१३). कॅलिफोर्नियात पिशव्यांवर बंदी आल्यावर कचऱ्याच्या पिशव्यांची विक्री इतकी वाढली की वाचलेल्या प्लास्टिकपैकी तीन-दशांशाच्या आसपास तिथेच परत गेलं. म्हणून परत आलेल्या बाटल्यांबरोबर दर गिऱ्हाइकामागे विकलेला साबणही मोजा. तो वाढत असेल तर आनंदाची बातमी नाही. म्हणजे गल्ल्याला आहे, बाकी कोणाला नाही.

---

रिकामी_बाटली

शेवटचं. दुकानं फक्त चार. लेबलच्या आतल्या बाजूचा मजकूर चालतो की नाही हे कसं तपासू? दोन दुकानांत लावून दोनांत न लावता?

---

मोजपट्टी

नको. दुकानादुकानांत गिऱ्हाईकच वेगळं असतं. दोन विरुद्ध दोन अशा तुलनेत फरक मजकुराचा की वस्तीचा हे कधीच कळणार नाही, मग बाटल्या हजारांनी का असेनात. डिपॉझिटसाठी दुसरा इलाज नाही, ते दुकाननिहायच लावावं लागेल. तिथे आधीचे बारा आठवडे आणि नंतरचे बारा आठवडे, चारही दुकानांचे, शेजारी ठेवून पाहा.

लेबलचं मात्र सोपं आहे, कारण ते बाटलीगणिक बदलता येतं. बाटल्यांना क्रमांक द्या. सम क्रमांकाला मजकूर असलेलं लेबल, विषमाला कोरं. एकाच खोक्यात दोन्ही मिसळून भरा, दुकानदाराला कुठली कुठे ते सांगू नका. आतला मजकूर विकताना दिसत नसल्यामुळे गिऱ्हाईकही निवडून उचलणार नाही. बारा आठवड्यांनी परत आलेल्यांत सम किती, विषम किती, एवढंच मोजायचं.

किती बाटल्या लागतील याचा ठोकताळा: १६ × सरासरी प्रमाण × (१ − सरासरी प्रमाण) ÷ फरकाचा वर्ग. २० टक्क्यांवरून २६ वर जाईल अशी अपेक्षा असेल तर प्रत्येक गटात ८०० च्या आसपास. २० वरून २२ पकडायचं असेल तर साडेसहा हजारांवर, तेवढा माल तुमच्याकडे नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

या बारा आठवड्यांत सवलत, पोस्टर, किंमत यांतलं काहीही बदललं तरी दोन्ही गटांना सारखंच लागतं, त्यामुळे तुलना बिघडत नाही. बिघडते ती दुकानात आलेली रिकामी बाटली क्रमांक न टिपता खोक्यात टाकली की. गल्ल्याजवळ दोन खोकी ठेवा, एक सम, एक विषम; टिपायची गरजच नको. आणि धुऊन परत भरलेल्या बाटल्या या चाचणीतून वगळा. त्या एकदा परत आलेल्यांच्या हातातून आल्या आहेत, त्यांचा आकडा आपोआप चांगला दिसेल.